आर.ई.एम.चे सुरुवातीचे अल्बम : मी ‘फेबल्स’ सर्वांत वर का ठेवतो

अनवट

गेले दोन महिने रोज रात्री आर.ई.एम. या अमेरिकन रॉक बँडचा सुरुवातीच्या काळातला एक अल्बम अथपासून इतिपर्यंत ऐकायचा, असा नेम ठेवला होता. एकही गाणं गाळायचं नाही, पुढे उडी मारायची नाही, कानाला हेडफोन आणि हातात वही. ‘क्रॉनिक टाउन’ ही पाच गाण्यांची छोटी तबकडी (१९८२), मग ‘मर्मर’ (१९८३), ‘रेकनिंग’ (१९८४), ‘फेबल्स ऑफ द रिकन्स्ट्रक्शन’ (१९८५) आणि ‘लाइफ्स रिच पॅजंट’ (१९८६). त्यानंतरचा ‘डॉक्युमेंट’ (१९८७) मुद्दाम बाहेर ठेवला. त्यातल्या ‘द वन आय लव्ह’ने बँडला अमेरिकेच्या पहिल्या दहा गाण्यांत नेऊन बसवलं आणि तिथून पुढची गोष्ट निराळी आहे.

या अल्बमांचा एक ठरलेला क्रम लोकांच्या तोंडी बसला आहे. ‘मर्मर’ सर्वश्रेष्ठ, ‘रेकनिंग’ त्याच्या पाठोपाठ, ‘पॅजंट’ दमदार, आणि ‘फेबल्स’ म्हणजे लंडनच्या थंडीत बिघडलेलं प्रकरण. मीही वर्षानुवर्षं हाच क्रम मानत आलो. आता माझ्या वहीत ‘फेबल्स’ सर्वांत वर आहे. का, ते सविस्तर मांडतो. मतं हवी आहेत, विशेषतः न पटलेल्यांची.

आधी ‘मर्मर’. जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावात जमलेली ही चार पोरं. मायकल स्टाइप कलाशाखेचा विद्यार्थी, पीटर बक रेकॉर्डच्या दुकानात कामाला, माइक मिल्स आणि बिल बेरी मेकनमधल्या शाळेपासूनचे जोडीदार. ५ एप्रिल १९८० ला एका जुन्या चर्चमध्ये मैत्रिणीच्या वाढदिवसाला पहिल्यांदा वाजवलं. तीन वर्षांनी पहिला पूर्ण अल्बम आला आणि ‘रोलिंग स्टोन’च्या समीक्षकांनी त्याला वर्षातला सर्वोत्तम ठरवलं. त्याच वर्षी मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ सगळीकडे वाजत होता, हे ध्यानात घ्या.

या अल्बमच्या आधीची एक हकीकत मला फार महत्त्वाची वाटते. आय.आर.एस. या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने त्यांना स्टीफन हेग या निर्मात्याबरोबर ‘कॅटपल्ट’ हे एक गाणं करून पाहायला लावलं. हेगला बिनचूकपणा हवा होता. ठोक्याच्या यंत्राबरोबर पुन्हा पुन्हा तेच गाणं वाजवून घेतलं, वर स्वतः कीबोर्डचे थर चढवले. बँडचा जीव मेटाकुटीला आला. मग त्यांनी मिच ईस्टरकडेच परत जायचा हट्ट धरला. ‘क्रॉनिक टाउन’ त्यानेच आपल्या आई-वडिलांच्या गॅरेजमधल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केली होती. ईस्टर आणि डॉन डिक्सन यांनी शार्लट शहरात ‘मर्मर’ केला. त्या काळातल्या ढोलांवरचा तो गडगडाटी प्रतिध्वनी नाही, सिंथेसायझरची भिंत नाही. विजेच्या गिटारखाली साध्या गिटारचे थर आहेत. ‘परफेक्ट सर्कल’मध्ये एक उभा आणि एक ग्रँड असे दोन पियानो एकावर एक ठेवले आहेत. ‘वी वॉक’मध्ये लांबून ढग गडगडल्यासारखं जे ऐकू येतं, ते बिलियर्डच्या चेंडूंच्या टकरीचं मुद्रण आहे, वेग कमी करून वापरलेलं.

आणि शब्द! ‘सिटिंग स्टिल’ हे गाणं मी चार रात्री वहीत उतरवायचा प्रयत्न केला. चारही रात्री पहिल्या ओळीला चार वेगळी वाक्यं मिळाली आणि चारही वेळा मला खात्री होती. शब्द छापायची त्यांची रीतच नव्हती. छापलेलं पहिलं गाणं १९८८ च्या ‘ग्रीन’मधलं, आणि अख्ख्या अल्बमचे शब्द छापायला १९९८ उजाडावं लागलं.

इंग्रजीत उच्चारायला सर्वांत सोप्या शब्दांपैकी एक म्हणून ‘मर्मर’ हे नाव निवडलं, असं सांगतात. आपल्याला हा शब्द भाषांतराशिवायच मिळतो. आपल्याकडे मर्मर म्हणजे पानांची सळसळ. मुखपृष्ठावर काय आहे? कुडझू. जपानहून आणलेली आणि अमेरिकेच्या दक्षिणेत झाडं, खांब, पडकी घरं सगळं गिळून बसलेली वेल. या अल्बममध्ये गाण्यांवर शब्द असेच पसरले आहेत. खाली काय आहे ते आकारावरून ओळखायचं.

‘रेकनिंग’वर माझा जीव आहे, पण त्याबद्दल थोडक्यात लिहितो. तो रस्त्यावरचा अल्बम आहे. गावोगाव वाजवत हिंडणारा बँड दोनेक आठवड्यांत स्टुडिओत बसून जे वाजवेल, ते त्यात आहे. ‘सो. सेंट्रल रेन’ पहिल्यांदा लोकांसमोर आलं तेव्हा त्याला नावही नव्हतं. ऑक्टोबर १९८३ मध्ये डेव्हिड लेटरमनच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात त्यांनी ते तसंच वाजवलं. दौऱ्यावर असताना दक्षिणेत वादळ-पूर आला, फोनच्या तारा तुटल्या आणि घरी बोलता येईना, हे त्या गाण्याचं मूळ. शेवटी शब्द संपतात आणि पियानोच्या ठोक्यांवर स्टाइपचा नुसता आक्रोश राहतो. अंगावर काटा येतो, दर वेळी.

आता ‘फेबल्स’. अमेरिकेच्या यादवी युद्धानंतर हरलेल्या दक्षिणेची पुन्हा घडी बसवण्याचा जो काळ (१८६५ ते १८७७), त्याला तिथे रिकन्स्ट्रक्शन म्हणतात. म्हणजे शीर्षकातच त्यांचा मुलूख आहे. पण अल्बम मात्र लंडनमध्ये झाला, १९८५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, जो बॉइडच्या हाताखाली. निक ड्रेक आणि फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश लोकसंगीतवाल्यांचा हा निर्माता. बाहेर बर्फ आणि पाऊस, चौघेही थकलेले, आपसात बिनसलेलं. बँड तिथेच संपायची वेळ आली होती. अशा अवस्थेत त्यांनी काय गायलं? गावाकडची माणसं. रेल्वेचा चालक, घर दुभंगून राहणारा म्हातारा, धर्मोपदेशक चित्रकार.

‘मर्मर’मध्ये मुलूख मुखपृष्ठावर आहे. ‘फेबल्स’मध्ये तो गाण्यांत उतरला आहे. शब्द आता ऐकू येतात, पण सगळे नाहीत. अर्थ लागतो, पण पुरा नाही. कुजबूज आणि बोलणं यांच्या बरोबर मध्यावर हा अल्बम उभा आहे. आधी त्यांना असं सांगता येत नव्हतं आणि नंतर त्यांनी ते सगळं उजेडात मांडलं.

‘पॅजंट’बद्दल प्रतिसादांत बोलू. सुरुवात करा.

खर्ज

धागा आवडला, पण क्रम साफ अमान्य.

तुम्ही गिटार आणि शब्द ऐकताय. एक रात्र फक्त माइक मिल्सची बास गिटार ऐका, ‘मर्मर’ आपोआप वर येईल. पीटर बक आपल्या रिकनबॅकर गिटारवर जीव ओतून तारा सुट्या सुट्या छेडतो. सोलो वाजवायचा नाही हा त्याचा बाणाच होता. मग गाण्यात चाल कोण पुढे नेतं? बास. ‘लाफिंग’ लावा. ढोलामागोमाग बास येते तीच मुळी गुणगुणण्याजोगी चाल घेऊन. बहुतेक रॉक बँडमध्ये बास पाया घालते आणि वरची मंडळी नाचतात. इथे गिटार पडद्यासारखी मागे झुलते आणि बास पुढे येऊन बोलते. चौघांचं काम एकमेकांत इतकं घट्ट विणलेलं आहे की कुठलाही एक धागा ओढला तर अख्खं वस्त्र उसवेल. गाण्यांचं श्रेय ते चौघांच्या नावे सारखं वाटून घ्यायचे, ते काही उगाच नाही. ‘परफेक्ट सर्कल’ची मूळ कल्पना तर ढोल वाजवणाऱ्या बिल बेरीची आहे.

‘फेबल्स’मध्ये ही वीण सैल पडते. गाणी चांगली आहेत, पण वाजवणारे चौघे चार खोल्यांत बसल्यासारखे वाटतात.

पानगळ

वाचतेय. अनवट, शब्दांबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते.

ख्याल ऐकताना बंदिशीचे बोल आपल्याला किती कळतात? मोठमोठ्या गवयांच्या तोंडून अर्धा शब्द स्वरात विरून जातो, उरलेला तानेत वाहून जातो, आणि आपण मान डोलावत असतो. ‘काय म्हणाले ते नीट कळलं नाही’ अशी तक्रार मैफलीतून उठून कोणी केल्याचं ऐकलं नाही. मग स्टाइपच्याच बाबतीत ‘अस्पष्ट’ हा आरोप का होतो? तो शब्द लपवत नाहीये. तो शब्दांचे स्वर आणि व्यंजनं वापरून गातोय. कुठल्या अक्षरावर आवाज रुंद होतो, कुठे दात आवळले जातात, हे त्याचं काम आहे. म्हणून तुमच्या वहीतली चारही वाक्यं मला बरोबरच वाटतात.

याचा पुरावा ‘रेकनिंग’च्याच वेळचा आहे. ‘सेव्हन चायनीज ब्रदर्स’ गाताना स्टाइपचा आवाज उमटेना. गाणं तयार, वाद्यं तयार, आणि हा इतका हळू गातोय की फीत भरेना. निर्मात्याने तिथे पडलेली एक जुनी भक्तिगीतांची तबकडी त्याच्या हातात दिली. त्याने काय करावं? त्या वेष्टनाच्या मागच्या बाजूला छापलेला मजकूर, गायकांची नावं, त्यांची स्तुती, सगळं त्याच चालीवर गायला सुरुवात केली! त्यानंतर आवाज मोकळा झाला आणि खरं गाणं झालं. ते वेष्टनाचं गाणंही पुढे ‘व्हॉइस ऑफ हॅरल्ड’ या नावाने १९८७ च्या ‘डेड लेटर ऑफिस’ या संग्रहात आलं. दोन्ही लागोपाठ ऐका. एकात कवितेचे शब्द, दुसऱ्यात जाहिरातीचा मजकूर, आणि डोळ्यांत पाणी दोन्हींना येतं. मला तर कधीकधी दुसऱ्याला जास्त येतं, कारण तिथे तो काहीच सिद्ध करायला बसलेला नाही.

तेव्हा ‘शब्द थोडे कळतात म्हणून फेबल्स वर’ हा तुमचा निकष मला पटत नाही. अल्बम मात्र मलाही प्रिय आहे.

किनारा

आर.ई.एम.ला इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांपासून स्वतंत्र, म्हणायचं का, असा एक प्रश्न. आय.आर.एस. ही कंपनी स्वतंत्र म्हणून ओळखली जायची, पण तिचा माल ए अँड एमसारख्या मोठ्या कंपनीच्या वितरणातून जायचा ना?

अनवट

@किनारा, हो, वितरण मोठ्या कंपनीचंच होतं. पण ‘रेडिओ फ्री युरोप’ ही त्यांची पहिली सुटी तबकडी १९८१ मध्ये हिब-टोन या चिमुकल्या लेबलवर आली ती अस्सल इंडी. नंतरही कोणत्या निर्मात्याबरोबर, कोणत्या गावात, कशा आवाजात अल्बम करायचा हे बँडच ठरवत होता. ‘सो. सेंट्रल रेन’च्या व्हिडिओत नुसते ओठ हलवायला स्टाइपने नकार दिला आणि कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गायला. महाविद्यालयांच्या छोट्या रेडिओ केंद्रांनी त्यांना मोठं केलं. अमेरिकेच्या अल्बमांच्या यादीत ‘मर्मर’ ३६ व्या क्रमांकापर्यंत गेला, ‘रेकनिंग’ २७ व्या, ‘फेबल्स’ २८ व्या, ‘पॅजंट’ २१ व्या. पायरी-पायरीने, मुख्य रेडिओवर एकही गाणं धडाक्याने न वाजता. माझ्या लेखी इंडी असणं म्हणजे हेच.

दुसरी_बाजू

‘फेबल्स’चे चाहते लंडनच्या पावसाची गोष्ट इतकी रंगवून सांगतात की अल्बम ऐकायचा राहून जातो. मी ऐकून सांगतो.

मिश्रण गढूळ आहे. बिल बेरीचे ढोल ओल्या पोत्यावर मारल्यासारखे येतात. गिटारचे थर एकमेकांत लडबडले आहेत. उत्तरार्धात तर अल्बम चक्क बसतो. ‘कोहूटेक’, ‘ऑक्शनीअर’, ‘गुड अ‍ॅडव्हायसेस’ ही सलग ऐका आणि प्रामाणिकपणे सांगा, लक्ष किती वेळा भटकलं?

अल्बमची जी विशेष आवृत्ती २०१० मध्ये आली, तिच्यात लंडनला जाण्याआधी अथेन्समध्ये केलेले डेमो, म्हणजे कच्ची मुद्रणं, आहेत. हीच गाणी, हेच चौघे, पण काय ताजेपणा आहे! ‘ड्रायव्हर ८’ तिथे खरोखर रुळांवरून धावते. ‘हायना’सुद्धा त्या डेमोंमध्ये आहे, म्हणजे एक फर्मास गाणं हातात असताना ते बाजूला ठेवलं आणि पुढच्या अल्बममध्ये घातलं. ज्या गाण्यांची भट्टी घरीच जमली होती, ती लंडनला नेऊन विझवली, असं माझं स्पष्ट मत आहे. बँडचे लोकही त्या अल्बमवर बरीच वर्षं नाराज होते, हा काही समीक्षकांनी उठवलेला बोभाटा नव्हे.

खर्ज

+१. डेमोंबद्दल शंभर टक्के सहमत.

अनवट

@दुसरी_बाजू, तुमचा प्रतिसाद वाचून तीन संध्याकाळी डेमो आणि अल्बम आळीपाळीने ऐकले. घाईने उत्तर द्यायचं नव्हतं.

ढोलांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. ‘रेकनिंग’मधल्या ‘हार्बरकोट’चे ढोल आणि ‘फेबल्स’चे ढोल शेजारी ठेवले की फरक लगेच कळतो. ‘ऑक्शनीअर’ मलाही कमी पडतं.

पण ‘ड्रायव्हर ८’बद्दल वाद घालतो. डेमोत ती धावते, खरं आहे. अल्बममध्ये ती दमलेली आहे, आणि ते गाणं दमलेल्या चालकाचंच आहे. त्यात सदर्न क्रेसेंट या गाडीचा उल्लेख येतो. सदर्न रेल्वेने ती गाडी १९७९ मध्ये अ‍ॅमट्रॅक या राष्ट्रीय प्रवासी रेल्वेच्या ताब्यात दिली आणि तिच्या नावातला ‘सदर्न’ गेला. म्हणजे गाणं आलं तेव्हा त्या नावाची गाडी धावत नव्हती. जी गाडी उरलेलीच नाही, तिच्या चालकाला विश्रांती घे म्हणून सांगायचं, तर त्या आवाजात जो जडपणा हवा तो लंडनच्या मुद्रणात आहे. डेमोतली गाडी नवी कोरी आहे.

तसंच ‘फीलिंग ग्रॅव्हिटीज पुल’. कोणत्या बँडने आपला अल्बम असा सुरू केला असता? बकची ती सुप्रसिद्ध झुळझुळती गिटार ऐकायला लोक बसलेत, आणि पहिल्याच क्षणी तो बेसूर, वाकडी, घसरत खाली येणारी एक ओळ वाजवतो. पुढे तंतुवाद्यांचं चौकडं येतं, तेही दिलासा द्यायला नाही. जमीन खाली ओढते आहे, ही भावना त्या एका ओळीत आहे. अख्ख्या अल्बमवर तोच भार आहे. तुम्ही ज्याला गढूळ म्हणता ते मला पुराचं पाणी वाटतं. त्यात माती आहे ती त्याच मुलखाची.

आणि ‘लाइफ अँड हाउ टु लिव्ह इट’. अथेन्समध्ये एक माणूस होता, त्याने घराचे दोन भाग केले होते आणि आळीपाळीने एकेका भागात राहायचा. तो गेल्यावर एका कपाटात त्याने स्वतः छापलेल्या पुस्तकाच्या प्रतींची चळत सापडली. पुस्तकाचं नाव तेच जे गाण्याचं आहे. वाटली नाहीत, विकली नाहीत, नुसती रचून ठेवलेली. स्टाइप हे काही समजावून सांगत नाही. तो धापा टाकत गातो, जणू तोच दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभा आहे. ‘मर्मर’मध्ये अशा माणसाला जागा नव्हती. तिथे ग्रीक पुराणातला लाओकून भेटतो, पण शेजारच्या गल्लीतला माणूस भेटत नाही.

@पानगळ, बंदिशीचं तुमचं उदाहरण मनात घोळतंय. त्यावर वेगळं लिहीन.

नाराजीबद्दल एक जोड. बकने २०१० च्या आवृत्तीबरोबर लिहिलेल्या टिपणात म्हटलंय की बँडला हा अल्बम आवडत नाही हा लोकांचा गैरसमज आहे आणि त्याचा स्वतःचा तो आवडता आहे. त्या हिवाळ्यापासून दूर गेल्यावर त्यांनाही तो वेगळा ऐकू आला असणार.

चकवा

सगळे मिळून ‘पॅजंट’ला विसरलात, म्हणून त्याची बाजू मांडायला आलो.

रॉक गायक जॉन मेलनकॅम्पच्या अल्बमांचा निर्माता डॉन गेमन याच्याबरोबर इंडियानात केलेला हा अल्बम. गेमनने स्टाइपला सरळ विचारायला सुरुवात केली, की हे गाणं आहे कशाबद्दल? चार वर्षांत त्याला हे कोणी विचारलंच नव्हतं बहुधा. अनेक चाहत्यांना वाटतं इथे जादू गेली. मला वाटतं इथे माणूस मोठा झाला.

‘फॉल ऑन मी’ घ्या. ध्रुवपदात तीन आवाज तीन वेगवेगळ्या ओळी एकाच वेळी गातात. स्टाइप वेगळं, मिल्स वेगळं, बेरी वेगळं. तरी गोंधळ नाही, उलट तिन्ही मिळून एक आकाश उभं राहतं. अनवट, तुम्ही म्हणता शब्द उजेडात आले की काही हरवतं. इथे काय हरवलं ते दाखवा. ‘कायाहोगा’ हे ओहायोतल्या नदीचं गाणं. ती इतकी घाण झाली होती की १९६९ मध्ये पाण्यावरच्या तेलाला आग लागली. असं काही बोलायचं असेल तर पुटपुटून कसं चालेल? नदी पेटली म्हणायचं असेल तर नदी हा शब्द ऐकू आलाच पाहिजे. आणि बिल बेरीच्या ढोलांना पहिल्यांदाच छाती मिळाली. ‘दीज डेज’चा पहिला ठोका ऐकून उठून उभं राहावंसं वाटतं.

हा त्यांचा मोठ्या खपाची सुवर्ण तबकडी मिळवणारा पहिला अल्बम, पण मी त्यासाठी म्हणत नाही. ‘स्वॉन स्वॉन एच’मध्ये पुन्हा ते यादवी युद्ध आहे, साध्या गिटारवर, जुन्या पोवाड्यासारखं. ‘फेबल्स’मध्ये जे भुताटकीसारखं येतं ते इथे समोर उभं राहून डोळ्यांत बघतं.

पानगळ

चकवा, तुमचं ‘नदी हा शब्द ऐकू आलाच पाहिजे’ पटलं. माझ्याच वरच्या मुद्द्याला ते छेद देतं, तरी पटलं. काही गाणी स्वराची असतात आणि काही साक्षीची. साक्ष देताना उच्चार स्वच्छ हवा.

नवखी

मी या बँडची फक्त ‘लूझिंग माय रिलिजन’ ऐकली आहे. सुरुवात कुठून करू? चर्चा वाचून ‘फेबल्स’ लावला, पहिल्या गाण्यालाच घाबरले.

खर्ज

@नवखी, ‘रेकनिंग’पासून करा. दारं-खिडक्या उघड्या असलेला अल्बम आहे. ‘सेव्हन चायनीज ब्रदर्स’, मग ‘सो. सेंट्रल रेन’, मग मिल्सने लिहिलेलं ‘रॉकव्हिल’. मैत्रिणीने गाव सोडून जाऊ नये एवढंच त्याचं म्हणणं आहे, पहिल्याच ऐकण्यात जवळचं वाटेल. मुखपृष्ठावरचा दोन तोंडांचा साप हॉवर्ड फिन्स्टरने रंगवला आहे. अनवटनी धर्मोपदेशक चित्रकार म्हटलंय तो हाच, आणि ‘फेबल्स’मधलं ‘मॅप्स अँड लेजंड्स’ त्याच्यावर आहे. ‘मर्मर’ त्यानंतर, रात्री, हेडफोन लावून. ‘फेबल्स’ला महिनाभर हात लावू नका.

अनवट

@नवखी, खर्ज यांचा सल्ला माझ्या विरुद्ध जाणारा आहे आणि योग्य आहे. ‘फेबल्स’ पहिला ऐकायचा अल्बमच नाही. झुळझुळत्या गिटारची सवय झाल्यावरच ती वाकडी ओळ बोचते.

@चकवा, ‘फॉल ऑन मी’मध्ये काय हरवलं ते दाखवा म्हणालात. प्रामाणिकपणे शोधलं, सापडलं नाही. ते गाणं मी माझ्या वाक्यातून वगळतो. ‘कायाहोगा’सुद्धा. पण ‘जस्ट अ टच’ आणि शेवटचं ‘सुपरमॅन’ (ते तर द क्लिक या बँडचं जुनं गाणं, मिल्सने गायलेलं) यांच्यात मला तो मुलूख दिसत नाही, नुसता उत्तम रॉक बँड दिसतो. ‘फेबल्स’मध्ये कमी पडणारं ‘ऑक्शनीअर’सुद्धा त्याच गावचं आहे.

दुसरी_बाजू

अनवट, ‘ड्रायव्हर ८’बद्दल तुम्ही लिहिलंत त्यावर विचार केला. जी गाडी उरलीच नाही तिचा चालक, हा मुद्दा मला ठाऊक नव्हता. काल अल्बमची आवृत्ती पुन्हा लावली. दमलेपणा ऐकू आला. ‘ड्रायव्हर ८’पुरता डेमोचा आग्रह सोडतो. ‘कोहूटेक’बद्दल मात्र जागचा हलणार नाही.

पानगळ

अनवट, बंदिशीवर वेगळं लिहीन म्हणाला होतात. वाट बघतेय.

अनवट

पानगळ, उशीर झाला, कारण आधी करून पाहायचं होतं.

काल रात्री ‘मर्मर’ वही न घेता ऐकला. ‘सिटिंग स्टिल’ आलं तेव्हा सवयीने हात पेन शोधू लागला, तो आवरला. शब्द पकडायचेच नाहीत असं ठरवल्यावर पहिल्या कडव्यात एक गोष्ट लक्षात आली, जी चार रात्रींत आली नव्हती. स्टाइप ओळीच्या शेवटी आवाज सोडत नाही. ओळ संपते तिथे तो पुढच्या ओळीचं पहिलं अक्षर आधीच ओठांत धरून असतो. म्हणून शब्द एकमेकांत अडकतात आणि माझी वाक्यं दर रात्री वेगळ्या जागी तुटत होती. मी ओळी पाडत होतो. त्याला श्वास आहेत, ओळी नाहीत. खर्ज यांनी म्हटलेली बासही तेव्हाच ऐकू आली, कारण स्टाइपचा श्वास आणि मिल्सची बोटं एकाच ठिकाणी वळतात. ध्रुवपदात मिल्सचा गळाही येऊन मिळतो, तेव्हा तर बास कुठे संपते आणि आवाज कुठे सुरू होतो हे सांगणं कठीण जातं.

‘फेबल्स’ माझ्याकडे अजून वरच आहे. पण ‘मर्मर’मध्ये माणसं नाहीत असं मी वर लिहिलं होतं, ते मागे घेतो. त्यात चौघे आहेत, एकाच खोलीत.

आज ‘लाफिंग’पासून पुन्हा सुरू करतोय, फक्त बास.